पोच

प्रवेशाच्या दिवशी तिनं निळी फाइल छातीशी धरली होती. जन्मदाखले, पुण्याच्या शाळेचा दाखला, थोरल्याची दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची कार्डं, पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती, डझनभर फोटो आणि असू द्यावीत म्हणून सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स. ऑगस्ट २०२२. न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव, विमानातून उतरून जेमतेम दहा दिवस झालेले. थोरला आठ वर्षांचा, धाकटीला नुकतीच पाच पूर्ण झालेली. पुण्यात तिनं मराठी माध्यमाच्या शाळेत नऊ वर्षं शिकवलं होतं. प्रवेशाच्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसायची तिला सवय. अलीकडे उभं राहायची ही पहिलीच वेळ.

खिडकीतल्या बाईंनी भाडेकरार घेतला, विजेचं बिल घेतलं, जन्मदाखले आणि लसीकरणाची कार्डं पाहिली. कांजिण्यांची लस दिसत नाही, तेवढी टोचून आणा, म्हणाल्या. भारताच्या सरकारी लसीकरणात ती नसतेच. व्हिसाचे कागद मात्र त्यांनी न उघडता परत सरकवले. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पुढे कळलं, की १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या टेक्सासमधल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की विनापरवाना देशात आलेल्या मुलालाही सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. शाळेला हवा असतो तो पत्ता. मूल या गावात राहतं, एवढं सिद्ध झालं की झालं.

पत्त्याला एवढं महत्त्व, कारण शाळा बऱ्याच अंशी गावाच्या घरपट्टीवर चालते. न्यू जर्सीत गोळा होणाऱ्या घरपट्टीतला साधारण निम्मा वाटा शाळांकडे जातो. म्हणूनच तिच्या नवऱ्यानं घर शोधताना आधी शाळा पाहिली, मग खोल्या. एक बेडरूम कमी चालेल, पण शाळा चांगली हवी, हा हिशोब तिथल्या जवळजवळ प्रत्येक देशी घरात होतो. मोठा रस्ता ओलांडला की दुसरं गाव, दुसरं स्कूल बोर्ड, कमी भाडं आणि लोक नाक मुरडतात अशी शाळा. मुलाचं शिक्षण आईबापाला परवडणाऱ्या पत्त्यावर ठरावं, हे तिला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

फॉर्ममध्ये एक पान भाषेचं होतं. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागलं? घरी कोणती भाषा बोलता? तिनं ठळक अक्षरात ‘मराठी’ लिहिलं. संध्याकाळी शेजारच्या बाई कळवळून म्हणाल्या, ‘‘अहो, इंग्लिश लिहायचं! आता ईएसएलमध्ये टाकतील त्याला.’’ तसंच झालं. थोरल्याची चाचणी झाली आणि इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांच्या गटात त्याचं नाव गेलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या पानामागे १९७४ चा ‘लाउ विरुद्ध निकल्स’ हा निकाल आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना इंग्रजी कळत नव्हतं आणि वर्गात शिकवलेलं डोक्यावरून जात होतं. सर्वांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच वर्ग दिला म्हणजे समान वागवलं असं होत नाही, असं न्यायालयानं तेव्हा ठरवलं. हे वाचताना तिला तिचा पुण्याचा वर्ग आठवला. बांधकामावरच्या मजुरांची मुलं शेवटच्या बाकावर बसायची, घरी लमाणी बोलणारी. नऊ वर्षांत तिनं त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही घरी काय बोलता.

पहिले महिने धाकटीचे होते. पिवळ्या बसच्या पहिल्या पायरीला तिचा गुडघा लागायचा, तरी ती कुणाचा हात धरायची नाही. रोज काहीतरी कापलेलं, चिकटवलेलं घरी यायचं, फ्रिजचं दार भरून गेलं. एके दिवशी दूध पिता पिता तिनं सांगितलं, की आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो, वाईट माणूस आला तर बोलायचं नसतं. न्यू जर्सीत आगीच्या सरावासोबत असा सुरक्षेचा सरावही दर महिन्याला घ्यावा लागतो. टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, त्याला तेव्हा चार महिनेसुद्धा झाले नव्हते. आईनं ओट्याकडे तोंड वळवलं आणि पोळ्या लाटत राहिली. त्या देशातल्या शाळेचं कितीही कौतुक केलं, तरी ही एक गोष्ट तिच्या घशाखाली कधी उतरली नाही.

थोरल्याचं मात्र वेगळंच काहीतरी चाललं होतं.

नोव्हेंबरात पालक-शिक्षक भेट झाली. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. तिसरीच्या बाईंनी भरभरून सांगितलं, की मुलगा गोड आहे, मित्र जोडतो, प्रश्न छान विचारतो, विज्ञानात डोळे चमकतात. वाचनात ‘वाढतो आहे’, म्हणाल्या. ती आनंदानं घरी आली. प्रगतिपुस्तकात वाचनाच्या रकान्यात चारपैकी १ होता. तिथले शिक्षक मुलाची उणीव अशा शब्दांत गुंडाळून सांगतात, की मूळ बोली न कळणाऱ्या पालकाच्या हाती नुसता गोडवा येतो, हे तिला त्या दिवशी उमगलं. ‘वाढतो आहे’ म्हणजे मागे आहे. ती पुण्यात पालकांना थेट सांगायची, कधी लागेल असंही सांगायची. दोन्हीत मुलाला जपणारं कोणतं, यावर तिचं मन अजून ठरत नाही.

वेळ द्या, असं शाळेचं म्हणणं होतं. दोन कारणं सांगितली जात. एक, भाषा नवी आहे. दोन, कोविडमध्ये पहिली-दुसरी बुडाली. दोन्ही खरी होती. पहिलीचं अख्खं वर्ष तो मोबाइलच्या पडद्यासमोर बसून शिकला होता. पण तिला एक गोष्ट आतून टोचत होती, आणि ती सांगायला तिला लाज वाटत होती. मराठीतही त्याचं हेच होतं. ‘घर’ला ‘धर’ म्हणायचा, ‘पुस्तक’ वाचताना ‘पुतक’, मात्रा गाळायचा, ओळ सोडून खालच्या ओळीवर उडी मारायचा. गोष्ट ऐकवली तर शब्द न् शब्द लक्षात. तीच वाचायला दिली की पोटात दुखायला लागायचं. मुलगा चुणचुणीत आहे, पण लक्ष देत नाही, असं पुण्यातल्या बाई म्हणायच्या. तीही तेच म्हणायची. पाच-पाच पानं शुद्धलेखन काढून घ्यायची, चुकलं की पुन्हा. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ पाहताना ती थिएटरमध्ये रडली होती. पुढे शिक्षिका झाल्यावर वर्गातली दोन मुलंही तिनं ओळखली होती. घरातलं ओळखलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, तिनं त्याच गावातल्या दुसऱ्या शाळेत काम धरलं. नवरा एल-१ व्हिसावर, कंपनीच्या बदलीनं आलेला, त्यामुळे तिला काम करायला मुभा होती. बोटांचे ठसे दिले, तपासणी झाली आणि ती लंच एड झाली. जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात मुलांवर लक्ष ठेवणारी. अकरा ते दीड. काम म्हणजे दुधाचे खोके फोडून देणं, सांडलेलं पुसणं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांच्या टेबलावर कुणी पीनट बटर नेत नाही ना, हे पाहणं. पहिलीच्या मुलांना दुधाचा खोका काही केल्या उघडत नाही. हात वर करून, ओठ घट्ट मिटून ती वाट बघत बसतात. तिनं अंगठ्यानं घडी मागे ढकलून टोक ओढायची युक्ती पहिल्या आठवड्यात शिकून घेतली आणि दिवसाला चाळीस-पन्नास खोके उघडायला लागली.

एक गोष्ट तिला फार आवडली. जेवण घेताना प्रत्येक मूल छोट्या यंत्रावर आपला नंबर दाबतं आणि पुढे सरकतं. कुणाच्या घरची कमाई कमी म्हणून जेवण फुकट, कुणाचे आईबाप पूर्ण पैसे भरतात, हे रांगेतल्या मागच्या मुलाला कळत नाही. कळता कामा नये, असा नियमच आहे. भूक आणि लाज यांची गाठ पडू न देण्याचा इतका साधा उपाय तिनं आधी कुठे पाहिला नव्हता.

याच कॅफेटेरियात तिला दिशा मिळाली. विशेष शिक्षणाच्या वर्गात मदतनीस म्हणून वीस वर्षं काढलेल्या एक बाई मुलांना घेऊन यायच्या. थोरल्याच्या इंग्रजीच्या वार्षिक चाचणीचा कागद एकदा तिनं त्यांना दाखवला. त्या चाचणीत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशा चार बाजूंना १ ते ६ मधले वेगवेगळे गुण असतात. ऐकणं-बोलणं पाचाच्या घरात होतं, वाचन-लेखन दोनाच्या. बाईंनी विचारलं, ‘‘शाळेला सांगितलंस?’’ तिनं सांगितलं, की वर्षभर दर भेटीत सांगतेय. त्यावर बाई म्हणाल्या, ‘‘सांगू नकोस. लिही. वर तारीख घाल.’’

आपल्याकडे ‘लेखी अर्ज करा’ हे वाक्य बहुतेक वेळा काम लांबवायला येतं. तिथे त्याचा अर्थ उलटा निघाला. पालकानं मुलाचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करा असं लिहून दिलं, की न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे स्कूल डिस्ट्रिक्टला २० दिवसांत बैठक बोलवावी लागते. मूल्यमापन करायचं ठरून पालकानं संमतीची सही केली, की ९० दिवसांत तपासण्या, निदान, योजना आणि तिची सुरुवात, सगळं व्हायला हवं. तोंडी सांगितल्याचा दिवस कुठेच मोजला जात नाही. तिनं वर्षभर जे कळकळीनं सांगितलं, ते जणू सांगितलंच नव्हतं. ८ जानेवारी २०२४ ला तिनं आठ ओळींचं पत्र नेऊन दिलं, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मागितला. ऑफिसातल्या बाई क्षणभर थबकल्या, आणि मग शिक्का मारून दिला.

बैठक जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाली. लांब टेबल, मध्ये टिश्यूचा डबा. पलीकडे मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अडचणींच्या सल्लागार, समाजसेविका, चौथीच्या वर्गशिक्षिका, ईएसएलच्या शिक्षिका. अलीकडे ती आणि नवरा. सगळी माणसं भली होती, हे ती आवर्जून सांगते. पण गाडी पुन्हा त्याच दोन कारणांवर आली. त्यालाही कारण आहे. केवळ इंग्रजी येत नाही म्हणून किंवा नीट शिकवलंच गेलं नाही म्हणून मूल मागे असेल, तर त्याला अक्षमतेचा शिक्का मारायचा नाही, असं कायदाच सांगतो. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजी चाचण्यांनी मोजून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं जायचं. १९७० च्या ‘डायना’ खटल्यानंतर ते थांबवावं लागलं. तेव्हापासून शाळा सावध आहेत. त्या सावधपणापायी कधीकधी खरी अडचण असलेलं मूलही भाषेच्या नावाखाली वाट पाहत राहतं.

तेव्हा तिनं पिशवीतून बालभारतीचं दुसरीचं पुस्तक काढलं. सोबत त्याची पुण्याची दुरेघी वही, शाळेतली इंग्रजीची वही आणि एक कागद. आदल्या रविवारी तिनं त्याच्याकडून एक पान वाचून घेतलं होतं, मोबाइलवर आवाज टिपून. कागदावर दोन रकाने होते: काय लिहिलंय आणि तो काय वाचतो. मग नऊ वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई त्या टेबलाशी उभी राहिली आणि तिनं देवनागरी समजावून सांगितली. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार होतात, इथे एका अक्षराचा बहुतेक एकच. हा घ, हा ध. घच्या डोक्यावर रेघ पूर्ण, धच्या डोक्यावर तुटलेली. ही त्याची पहिली भाषा, शिकवणारी त्याची आई, तीही शिक्षिका. कोविडमध्ये शाळा बंद होती, पण आई घरात होती. एवढं असून चुका या, आणि इंग्रजीतल्या चुका या. दोन्ही वह्या तिनं शेजारी शेजारी ठेवल्या.

कुणी काही बोललं नाही. मानसशास्त्रज्ञ बाईंनी दुरेघी वही स्वतःकडे ओढली आणि त्यांना न कळणाऱ्या त्या अक्षरांवरून बोट फिरवत बराच वेळ पाहत राहिल्या. संमतीच्या कागदावर सही त्याच दिवशी झाली. तपासणी शक्य तिथे मुलाच्या भाषेत करायची, अशी कायद्याची अट असल्यानं मराठी जाणणारा दुभाषीही शोधला गेला.

निदान आलं डिस्लेक्सियाचं. एप्रिलच्या अखेरीस त्याची योजना तयार झाली. तिला तिथे आयईपी म्हणतात. रोज पंचेचाळीस मिनिटं लहान गटात वाचन, परीक्षेला जादा वेळ, विज्ञान आणि समाजशास्त्राची पुस्तकं ऐकायची सोय, आणि वर्षअखेर कुठवर पोचायचं याची मोजता येतील अशी उद्दिष्टं. योजना ठरवणाऱ्या गटात पालक हा पाहुणा नसतो, सदस्य असतो. मूल्यमापन पटलं नाही, तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चानं करून मागता येतं. ही सगळी वाट १९७५ च्या कायद्यानं घातलेली आहे; त्याचं आजचं नाव आयडिया. २०१७ मध्ये ‘एन्ड्रू एफ.’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी खरी प्रगती व्हायला हवी. कायदा करताना केंद्र सरकारनं जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत भार उचलायचं कबूल केलं होतं. ते आजवर कधीच पाळलं गेलं नाही. उरलेला भार राज्यावर आणि गावावर, म्हणजे पुन्हा घरपट्टीवर. गरीब गावातल्या आईनं हेच पत्र दिलं तर घड्याळ तेच चालू होतं, पण दिवस मोजायला आणि मुलाला शिकवायला तिथे माणसं पुरतात का, हा प्रश्न उरतोच.

मे महिन्यात वाचनाच्या बाईंनी तिला वर्गात बोलावलं. टेबलावर पसरट ट्रे, त्यात बारीक वाळू. थोरला दोन बोटांनी वाळूत अक्षर काढत होता आणि काढताना त्याचा उच्चार मोठ्यानं करत होता. काढलं, म्हटलं, ट्रे हलवून पुसलं, पुन्हा काढलं. डोळा, कान, हात एकदमच कामाला लावायची ही रीत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या नावानं ओळखली जाते आणि तिची सुरुवात १९३० च्या दशकातली आहे. ती दारातच थांबली. तिचे आजोबा सांगायचे, की गावच्या शाळेत पाटी मिळायच्या आधी ते धूळपाटीवर शिकले. फळीवर धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर गिरवायचं, तोंडानं म्हणत. ते ऐकताना तिला ती गरिबीची गोष्ट वाटायची.

त्या शनिवारी तिनं परातीत रवा पसरला. थोरल्यानं घ काढला, ध काढला. रवा सारखा केला, पुन्हा काढला. मग म्हणाला, ‘‘आई, धचं डोकं उघडं आहे. घनं टोपी घातलीये.’’ वही भरभरून शुद्धलेखन काढून घेताना तिला हे एकदाही सुचलं नव्हतं. तिनं परातीतलं अक्षर पुसलं नाही. रात्री नवरा आला तोवर ते तसंच ओट्यावर होतं.

तो आता सहावीत आहे. सावकाश वाचतो, पण वाचतो. पोटात दुखत नाही.

ती अजून लंच एडचंच काम करते. दुधाचे खोके उघडताना आता तिची नजर वेगळं टिपते. मेन्यूच्या फळ्याकडे न बघता पुढच्या मुलानं मागितलं तेच मागणारं मूल. वाढदिवसाचं कार्ड फिरत आलं की बाथरूमला जायचंय म्हणून उठणारी मुलगी. अशा मुलांना शाळेनंच शोधून काढायचं, ते पालकांवर सोडायचं नाही, असंही त्या कायद्यात लिहिलेलं आहे. पण तिनं जे पाहिलं त्यात पहिलं पाऊल बहुधा कुणाच्या तरी आईनं उचललेलं असतं; इंग्रजीत पत्र लिहू शकणाऱ्या, दुपारी बैठकीला येऊ शकणाऱ्या आईनं. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या आईचं मूल तितकंच अडलेलं असतं आणि ते वाट पाहतं. कॅफेटेरियात पाहिलेलं तिला बाहेर बोलता येत नाही, मुलांची माहिती गोपनीय असते. ती आपल्या परीनं वर्गशिक्षिकेच्या कानावर घालते. आणि आता ती लिहूनही देते, तारीख घालून.

बसस्टॉपवर मात्र तिला कुणी अडवत नाही. गेल्या ऑक्टोबरात जळगावची एक तरुण आई तिथे भेटायला लागली, नुकतीच आलेली. मुलगा दुसरीत, बोलायला तरतरीत. एका सकाळी बस गेल्यावर ती तिथेच रेंगाळली. म्हणाली, ‘‘ताई, तीनदा सांगितलं मी बाईंना. त्या म्हणतात, होईल हळूहळू.’’

दोघी अपार्टमेंटच्या कपडे धुण्याच्या खोलीत बसल्या. ड्रायर घुमत होता. हिनं वहीचं पान फाडलं, वर उजवीकडे तारीख घातली आणि एकेक वाक्य मराठीत विचारून इंग्रजीत लिहून दिलं. घरात मराठीतही वाचताना असंच अडतं का, हेही विचारलं. अडतं, म्हणाली. तेही लिहिलं. तिनं आठ ओळींचं ते पत्र दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि दारापर्यंत जाऊन परत वळली.

‘‘कुणाच्या हातात द्यायचं, ताई?’’

‘‘ऑफिसात. आणि दोन प्रती ने. एकीवर शिक्का मारून पोच घे.’’